चार बोटांची फट

आमच्या घरात दोन जण एकाच वर्षी आले. १९९८ च्या मार्चमध्ये मी आणि त्याच वर्षी दिवाळीच्या पाडव्याला मारुती झेन. माझी वाट नऊ महिने बघावी लागली, झेनची सात वर्षं. त्यामुळे जास्त लाड कुणाचे झाले हे कृपया विचारू नये. मला कांजिण्या आल्या तेव्हा बाबा हापिसात गेले होते. झेनला पहिला ओरखडा पडला तेव्हा त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. असो. जुनी जखम आहे.

तर मंडळी, २०२० मध्ये मला नोकरी लागली आणि पुढचं दीड वर्ष घरूनच काम. सकाळी लॅपटॉप उघडायचा, रात्री बंद करायचा, आणि मधल्या वेळात कॉलवर कुणीतरी स्क्रीन शेअर करत असताना गॅलरीतून खाली पार्किंगकडे बघत बसायचं. तिथे झेन उभी. बघून बघून मला एक गोष्ट खुपायला लागली. चाक आणि वरचं मडगार्ड यांच्यामध्ये ही एवढी मोठी फट! आडवी चार बोटं सहज आत जायची. चिखलातून चाललेल्या माणसानं धोतर गुडघ्यापर्यंत उचलून धरावं तशी आमची गाडी दिसायची. त्यातच जालावर जपानमधल्या आणि केरळमधल्या जुन्या, छोट्या, जमिनीला चिकटलेल्या गाड्यांचे फोटो बघण्यात आले. एकदा ते डोळ्यांत बसलं की आपली गाडी बघवत नाही.

"बाबा, गाडी थोडी खाली घेऊ या का?"

"कुठे खाली? पार्किंग तळमजल्यालाच आहे."

मग त्यांना हाताला धरून नेलं, फट दाखवली, मोबाईलवर फोटो दाखवले. त्यांनी शांतपणे फटीत हात घालून बघितला.

"ही चार बोटं कंपनीनं काय विसरून सोडलीत?"

"स्टाइल असते बाबा."

"मग कर. नाही तरी आता तूच चालवतोस."

या शेवटच्या वाक्यात काय काय होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. २०१९ पासून बाबांच्या कमरेचं दुखणं सुरू झालं होतं. मणका, चकती, पट्टा, फिजिओथेरपी असं सगळं. त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, पण गाडीत बसणं सोडलं नव्हतं.

गॅरेजचं नाव सांगत नाही, कारण निम्मी चूक माझीच. गाडी खाली घ्यायच्या दोन स्वस्त पद्धती असतात. एक म्हणजे स्प्रिंगला गॅसनं तापवून बसवायची. यात स्प्रिंगच्या पोलादाचं पाणीच उतरतं, ती पुढे कधी बसेल किंवा तुटेल याचा नेम नाही. दुसरी म्हणजे ग्राइंडर लावून स्प्रिंगचे वेढे कापायचे. "तापवायची नाही, कापू या, एकदम सेफ," असं मला सांगण्यात आलं आणि इंजिनिअरिंगची डिग्री घरी फ्रेममध्ये असलेल्या मी मान डोलावली. चारही स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे गेले. संध्याकाळी गाडी पंचेचाळीस मिलिमीटर खाली! फटीत जेमतेम एक बोट जात होतं.

दिसायला काय दिसत होती म्हणून सांगू! कॉलेजच्या ग्रुपवर फोटो टाकल्यावर अर्ध्या तासात "चाबूक", "कडक", "कैच्या कै" असे सतरा मेसेज आले. आईनं गॅलरीतून बघून विचारलं, "अरे, टायरमधली हवा गेलीय का?"

पहिला धक्का सोसायटीच्या गेटवरच बसला. अक्षरशः. आमच्याकडे गेटवर समितीनं गवंड्याकडून बांधून घेतलेला एक स्पीडब्रेकर आहे. त्यावर आधी खर्रर्र असा आवाज आला, मग पुढून धाड, मग मागून धाड. वॉचमननं माझ्याकडे बघितलं. मी कॉल आल्यासारखं केलं.

(इथे जरा थांबून स्पीडब्रेकरचं गणित सांगतो, मला ते फार आवडतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-९९ या संहितेनुसार स्पीडब्रेकर हा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असतो, ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ किलोमीटरनं त्यावरून आरामात जाता यावं अशी अपेक्षा. झेनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३३५ मिलिमीटर. म्हणजे गाडी स्पीडब्रेकरवर मधोमध असताना चारही चाकं त्याच्यावरच असतात आणि पोटाखालची जागा फक्त ४० मिलिमीटरनं कमी होते. दहा सेंटिमीटरच्या उंचवट्यात चारच सेंटिमीटर! पण आमच्या सोसायटीचा स्पीडब्रेकर म्हणजे दोन फूट रुंद आणि वीतभर उंच असा सिमेंटचा वरवंटा. तिथे चाकं दोन्हीकडे खाली आणि वरवंट्याची अख्खी उंची पोटाखाली. निषेध!)

तरी मी महिनाभर स्वतःची समजूत घालत होतो. "स्टिफ आहे, पण कॉर्नरिंग काय भारी झालंय!" कॉर्नरिंग कुठे करणार होतो, कर्वे रोडवर?

मग २०२२ च्या फेब्रुवारीत वाईला आत्याकडे वास्तुशांत निघाली. मी चालवत होतो, बाबा शेजारी, मागे आई आणि ताई, डिकीत आहेराचं सामान. म्हणजे चार माणसांचं वजन. हमरस्ता एरवी चांगला, पण पुलांचे सांधे येतात ना, त्या प्रत्येक सांध्याला गाडी धाड-धाड बोलत होती. आईनं कात्रजपासून "हळू रे" सुरू केलं ते सुरूर फाट्यापर्यंत. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी दाराच्या वरचं हँडल धरलं होतं आणि प्रत्येक सांध्याआधी ते जागेवरून किंचित उचलले जात होते. स्वतःहून, हातावर जोर देऊन. खंबाटकी घाटात मला ते दिसलं. आणि दिसूनही मी काही बोललो नाही.

जेवणं झाली, निघायची वेळ झाली. बाबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी एसटीनं येतो. मला स्वारगेटला जरा काम आहे."

रविवार. संध्याकाळचे पाच. स्वारगेटला त्यांचं काय काम असणार?

कुणीच काही विचारलं नाही. आई मागच्या सीटवरून उठून पुढे बसली. येताना गाडीत एक माणूस कमी होता, तर ती थोडी कमी आपटली. रात्री साडेनऊला बाबा घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "एसटी बरी होती. खिडकीची जागा मिळाली."

सात वर्षं वाट बघून घेतलेली गाडी दारात असताना माझा बाप लाल डब्याला बरी म्हणत होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आमच्या धंद्यात प्रॉडक्शनला काही फुटलं की आधी रोलबॅक करतात, चौकशी मग. इथे पंचाईत अशी की कापलेली स्प्रिंग परत जोडता येत नाही. पुढच्याच शनिवारी नाना पेठेत जाऊन झेनच्या मूळ मापाच्या चार नव्या स्प्रिंगा आणल्या आणि बाबांच्या जुन्या फिटरकाकांकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेतली. चाक लोंबकळलं आणि त्यांनी मला जवळ बोलावलं. "इकडे ये. हात लाव." स्प्रिंग तिच्या वाटीत सैल झाली होती, हातानं गरागरा फिरत होती. "खड्ड्यात चाक असं लोंबलं आणि ही जागेवर नीट बसली नाही, तर?" त्यांनी पुढचं वाक्य पूर्ण केलं नाही. मी पण केलं नाही.

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण मला आता उत्तर हवं होतं. नुसती दीड वेढ्याची स्प्रिंग गेली तर गाडी एवढी कशी बिघडते?

मग सुरू झाले विकांताचे उद्योग. मोबाईलमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. तो डॅशबोर्डवर चिकटवला, पुढे दोघांना बसवलं आणि बॉनेटची कड दाबून सोडली. गाडी तीन-चार वेळा वर-खाली झाली (म्हणजे शॉकअप मेले होते, हेही कळलं). आलेखावरून झोके मोजले: सेकंदाला १.४४, म्हणजे १.४४ हर्ट्झ. यातली गंमत अशी की गाडीच्या वजनानं स्प्रिंग किती दबलीय, एवढ्यावरूनच हा झोका ठरतो. उलटं गणित केलं तर माझी पुढची स्प्रिंग गाडीच्या वजनाखाली साधारण १२० मिलिमीटर दबलेली निघते. एका पुढच्या चाकावर सुमारे २२० किलो धरले तर स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला १८ न्यूटन.

आता स्प्रिंगचा एक नियम: वेढे कमी केले की ती कडक होते. सहा कामाच्या वेढ्यांतले साडेचार उरले तर कडकपणा सहा भागिले साडेचार, म्हणजे १.३३ पट. १८ चे झाले २४. झोका गेला १.६६ हर्ट्झवर. पण हे काही फार नाही! आरामदायी गाड्या साधारण एक ते दीड हर्ट्झच्या असतात, आणि खेळकर गाड्या १.६६ च्याही वर जातात. त्यात बसून कुणी एसटी शोधत नाही.

मग गुन्हेगार कोण?

शॉकअपच्या दांड्यावर एक रबराचा ठोकळा असतो. बंप स्टॉप. गॅरेजात त्याला नुसतं स्टॉपर रबर म्हणतात. चाक फार वर आलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो. माझ्या गाडीत, पुढे दोघं बसल्यावर, त्या रबराला टेकायच्या आधी ५० मिलिमीटर मोकळी जागा होती. मी गाडी ४५ नं खाली घेतली. उरले पाच. चार माणसं बसल्यावर तेही गेले. म्हणजे वाईला जाताना आमची गाडी स्प्रिंगांवर चाललीच नव्हती. ती रबराच्या ठोकळ्यांवर चालली होती!

आणि रबरावर टेकलेली गाडी एकदम कित्येक पटींनी कडक होते. बसलेल्या माणसाला उभे हादरे सगळ्यात जास्त त्रास देतात ते साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात. मानवी शरीरावरच्या कंपनांसाठी आयएसओ २६३१ नावाचं प्रमाण आहे, त्यात या पट्ट्याला जास्त वजन दिलेलं असतं. कारण पाठीचा कणा आणि पोटातले अवयव साधारण तिथेच झोका घेतात. स्प्रिंगचं काम असतं तो पट्टा रस्त्यावरून वर येऊ न देणं. मी स्प्रिंगलाच सुट्टी दिली होती, आणि तो पट्टा थेट बाबांच्या चकतीत जात होता.

हे कळलं त्या दिवशी मी खाली जाऊन फटीत हात घालून उभा राहिलो. मऊ स्प्रिंग म्हणजे आराम, असा आपला समज असतो. पण आराम स्प्रिंगेत नसतो, स्प्रिंगला दबायला जी जागा मिळते तिच्यात असतो. ती चार बोटांची फट रिकामी नव्हतीच. रस्त्यातला उंचवटा तिथे मावत होता. फट घालवली की उंचवटा जाईल कुठे? माणसाच्या कमरेत.

मग गाडी खाली घेऊन आराम टिकवताच येत नाही का? येतो, पण प्रत्येक मिलिमीटरची किंमत मोजून. समजा ५० मधले २० मिलिमीटर घेतले आणि ३० उरले. तोच उंचवटा ३० मिलिमीटरमध्ये जिरवायचा तर स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा तेवढीच हवी, आणि ती अंतराच्या वर्गावर चालते. पन्नास भागिले तीस, त्याचा वर्ग: २.८. म्हणजे स्प्रिंग जवळजवळ तिप्पट कडक! ती बसवली तर बाबाच काय, मीसुद्धा एसटीनं जाईन. म्हणून खरी युक्ती अशी की स्प्रिंग थोडीच कडक करायची आणि गेलेली जागा दुसरीकडून परत मिळवायची.

मी तेच करायचं ठरवलं. (हो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.)

भोसरीत एमआयडीसीमध्ये स्प्रिंगा गुंडाळून देणारी छोटी वर्कशॉप आहेत. तिथे पंधरा टक्के कडक स्प्रिंग करून घेतली. मिलिमीटरला १८ ऐवजी २०.७ न्यूटन, झोका सुमारे १.५५ हर्ट्झ. आता लांबी. नवी स्प्रिंग वजनाखाली १२० ऐवजी १०४ मिलिमीटरच दबणार, म्हणजे गाडी आपोआप १६ नं वर जाणार. मला वर नाही, २० नं खाली हवीय. म्हणून मोकळी स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा ३६ नं आखूड. आणि फिटरकाकांचा धडा लक्षात ठेवून एक तपासणी: चाक लोंबल्यावर स्प्रिंग सैल होता कामा नये. मूळ गाडीत चाक तिथून ७० मिलिमीटर खाली लोंबतं, गाडी २० नं उतरल्यावर ९०. स्प्रिंग १०४ नं दबलेली. म्हणजे पूर्ण लोंबूनही १४ मिलिमीटरचा दाब शिल्लक. कापलेल्या स्प्रिंगचं हेच गणित केलं तर दबलेली ९० आणि लोंबणार ११५. पंचवीस मिलिमीटर सैल! ती हातानं का फिरत होती ते कागदावर दिसलं आणि अंगावर काटा आला.

मग बंप स्टॉप. जुना ठोकळा रबरी, वयानं दगड झालेला. त्याऐवजी बारीक छिद्रांच्या फोमसारख्या पॉलियुरेथेनचा लावला. हा सुरुवातीला मऊ असतो, आपल्या लांबीच्या निम्म्याहून जास्त दबतो आणि हळूहळू कडक होत जातो, त्यामुळे धाड होत नाही. तोही १२ मिलिमीटर आखूड घेतला. म्हणजे मोकळी जागा ३० ची परत ४२ झाली. साफ काढून टाकायचा मोह होतो, पण तो काढला तर पुढची गाठ शॉकअपच्या पोटाशी.

शॉकअप चारही नवे. आपल्याकडे लोकांना वाटतं शॉकअप धक्का शोषतो. धक्का स्प्रिंग शोषते. शॉकअप त्या स्प्रिंगला गप्प बसवतो, एवढंच. स्प्रिंग पंधरा टक्के कडक झाली तर शॉकअप वर्गमुळाच्या हिशोबानं फक्त सात टक्के कडक लागतो, म्हणजे मूळ मापाचा नवा शॉकअप पुरतो. गाडी खाली घेतली म्हणून दणकट रेसिंगचा शॉकअप बसवणं म्हणजे सर्दीला अँटिबायोटिक. शिवाय लोअर आर्मचे बुश आणि वरचे माउंट बदलले. पंचवीस वर्षांच्या गाडीत "राइड खराब झाली" याचा निम्मा अर्थ "रबर वाळलं" एवढाच असतो.

मागच्या स्प्रिंगा पुढच्यांपेक्षा थोड्या जलद झोक्याच्या ठेवल्या. हे शहाणपण माझं नाही. मॉरिस ऑली नावाचा रोल्स-रॉइसमधून आलेला इंग्रज १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकला गेला, आणि त्यानं वजनं पुढे-मागे सरकवता येतील अशी एक लिमोझिन बनवून माणसाला कोणता झोका सोसतो ते तपासलं. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर. झेनला ताशी ४० ला हा उशीर ०.२१ सेकंदाचा. मागचा झोका थोडा जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी घोड्यासारखी डुलण्याऐवजी सरळ वर-खाली होते. कमरेला सरळ हालचाल सोसते, डुलणं सोसत नाही.

टायर मात्र बदलले नाहीत. मित्रांनी चौदा इंची अलॉय आणि पातळ टायर घ्यायचा आग्रह केला. पण १४५/७० चा टायर म्हणजे १०१ मिलिमीटर उंचीची हवेची गादी, ती गाडीची पहिली स्प्रिंग. ती कापून पुढे कितीही गणितं केली तरी उपयोग नाही. शेवटी अलाइनमेंट, कारण गाडी खाली आली की लोअर आर्मचा कोन बदलतो आणि चाकांची दिशाही सरकते. याच कोनामुळे गाडीचा रोल सेंटर गाडीपेक्षा जास्त खाली उतरतो, आणि फार खाली घेतलेली मॅकफर्सनवाली गाडी वळणावर उलट जास्त कलू शकते. माझ्या त्या "भारी कॉर्नरिंग"चं काय झालं ते आलं ना लक्षात? ते रबराचे ठोकळे वळत होते.

एकूण बिल किती झालं ते आईला अजून सांगितलेलं नाही.

२०२२ च्या दिवाळीत परत वाई. या वेळी मी रस्ता बघत नव्हतो, हँडल बघत होतो. शिंदेवाडीपर्यंत बाबांचा हात हँडलवर. खेड शिवापूरला तो मांडीवर आला. खंबाटकीत त्यांनी त्याच हातानं चष्मा पुसला. परतताना कुणालाच स्वारगेटला काम नव्हतं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "आता जरा बरी झालीय." पुण्यातल्या बापाकडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नसतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गाडी १९९८ ची. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग. २०१३, २०१८ आणि मग २०२३. फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ची ५,००० झालेली, ती भरायची तयारी होती. पण त्या निमित्तानं मी आधीच वाचायला हवं होतं ते शेवटी वाचलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आली. वीस मिलिमीटर कुणाच्या लक्षात आले नसते, असं मला तीन जणांनी सांगितलं. खरंही असेल. पण गाडीची कागदपत्रं बाबांच्या नावावर आहेत. ती घेऊन रांगेत ते उभे राहणार होते. एकदा त्यांना न विचारता मी त्यांच्या कमरेवर प्रयोग केला होता, आता त्यांच्या सहीवर नको.

नाना पेठेतून आणलेल्या मूळ स्प्रिंगा माळ्यावर होत्या. फिटरकाकांनी दोन तासांत बसवल्या. नवे शॉकअप आणि बुश तसेच ठेवले. बाबांनी येऊन फटीत हात घातला. चार बोटं.

"आली का परत?"

"आली."

"राहू दे मग."

पासिंग झालं, आता पुढचं २०२८ ला. आणि खरं सांगू? माझ्या एवढ्या गणितानं जी राइड मिळवली होती, ती मूळ स्प्रिंगांवर नव्या शॉकअपनं आणखी थोडी बरी झाली. साहजिकच आहे. बेचाळीसची जागा परत पन्नास झाली. तुम्हाला जुनी गाडी खाली घ्यायची खाज असेलच तर आधी तिचे शॉकअप, बुश आणि रबरं बदला आणि महिनाभर चालवा. बऱ्याचदा खाज तिथेच जिरते.

गॅलरीतून आता बघतो तर गाडी अजून तशीच दिसते, धोतर उचलून चाललेल्या माणसासारखी. पण रस्त्यात चिखल असेल तर शहाणा माणूस तसाच चालणार ना!

गेल्या महिन्यात परत वाईला गेलो होतो. येताना सुरूर फाट्याच्या अलीकडे एक खड्डा मला दिसलाच नाही, चाक सरळ आत गेलं. मी दचकून शेजारी बघितलं. बाबा तोंड किंचित उघडं टाकून झोपले होते, ते तसेच झोपून राहिले.

त्या रविवारी स्वारगेटला नेमकं काय काम होतं, ते मात्र मी अजून विचारलेलं नाही.